उन्हाळी कचेरीचे बस्ते

आमच्या ऑफिसच्या दारावरची पाटी माझ्या डोळ्यांदेखत तीनदा रंगली. लहानपणी अप्पांना डबा द्यायला जायची तेव्हा तिच्यावर संस्थानच्या दरबारचं नाव होतं. मी नोकरीला लागले तेव्हा मध्य भारत आला होता. आणि मी सांगते आहे त्या वर्षी मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि एका सकाळी पेंटर शिडी लावून पुन्हा वर चढला. आतलं काम तिन्ही राजवटींत एकच राहिलं. चोरी, मारामारी, दरोडा, खून, जे काही कोर्टात जाईल त्यात सरकारची बाजू मांडायची. दरबारच्या काळात ती मांडणाऱ्याला पैरोकार म्हणत, नंतर अभियोजक म्हणू लागले.

माझे वडील, म्हणजे अप्पा, पैरोकारांच्या हाताखाली जन्मभर कारकून होते. मग त्यांची नजर गेली. आधी एक डोळा, वर्षभरात दुसरा. ते घरी बसले तेव्हा मी इंटर पास झाले होते, आणि त्याच ऑफिसात मला कनिष्ठ कारकुनाची जागा मिळाली. बाई मी एकटीच. माझं टेबल रेकॉर्डच्या खोलीच्या दाराशी टाकलं होतं, कारण तिथे कुणाची फारशी ये-जा नसे आणि मला अवघड वाटणार नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मला विचारलं कुणी नाही.

आमचे हेडक्लार्क, त्यांना सगळे बडे बाबू म्हणत, हे लष्करचेच, म्हणजे आमच्या शहरातलेच, राहणारे. उंच, सडपातळ, कानावर पेन्सिल. माणूस वाईट नव्हता. पण ज्याला रकाना नाही ते जगात नाही, असा त्यांचा स्वभाव. त्यांच्याशी आणि ऑफिसातल्या बहुतेकांशी माझं बोलणं हिंदीतच व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, पण वाचणाऱ्याने मनात हिंदी ऐकावी.

नव्या राज्याचा आमच्यापर्यंत पोचलेला पहिला मोठा हुकूम रेकॉर्डचा होता. जुने फौजदारी कागद तपासा. महत्त्वाचे असतील त्यांची यादी करून भोपाळला पाठवा, चालू कामाचे इथे ठेवा, बाकीचे जाळून टाका. बडे बाबूंनी ते काम माझ्याकडे दिलं.

रेकॉर्डच्या दोन खोल्या होत्या. उंच खिडक्या, भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर लाल खारव्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यांना आम्ही बस्ते म्हणायचो. एकेका बस्त्यात वीस-पंचवीस खटल्यांचे कागद. मी डोक्याला रुमाल बांधून सकाळी आत शिरायची ती दुपारी डबा खायलाच बाहेर यायची. तीन ढीग करायचे होते, भोपाळचा, इथला आणि जाळायचा. दहा-बारा दिवसांत माझा हात बसला.

मागच्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर चाळीसेक बस्ते निराळे होते. खारवा नाही, मळकं पांढरं मांजरपाट. प्रत्येकावर जाड कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर वरून रेघ ओढून एका दमात लिहिल्यासारखी वळणं. मोडी आहे एवढं मला कळलं. अप्पांच्या हातची मोडी मी पाहिली होती, पण शिकले नव्हते. आमच्या वेळी शाळेत सगळं नागरीत.

मी बडे बाबूंना बोलावून दाखवले. त्यांनी एक चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली.

"हे कोण वाचणार?" ते म्हणाले. "इथे कुणी वाचत नाही, भोपाळला तर कुणीच वाचणार नाही. जाळायच्या ढिगात टाका, बहनजी. शनिवारी मागच्या अंगणात सगळं उरकून टाकू."

मला ते बरोबरच वाटलं. मी शिपायाकडून बस्ते खाली उतरवून घेतले आणि ढिगाच्या तळाशी रचायला सांगितले. हे मी लपवत नाही. ते माझ्याच तोंडून निघालं.

ती बाई आली ती त्याच दिवशी, सोमवारी दुपारी. सरकारी दवाखान्यात सुईणीचं काम करणारी नर्स होती. पांढरी साडी, निळा काठ, पायांत कापडी बूट, वय पंचेचाळीसच्या आसपास. हातात एक जुनी फाइल छातीशी धरलेली. बडे बाबूंच्या टेबलापुढे ती उभी राहिली आणि ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "बाबूजी, मी परत आले."

"बाई, तुम्हाला मागेच सांगितलं," बडे बाबू म्हणाले. "रजिस्टरमध्ये खटला दाखल झाल्याची नोंद आहे. निकालाचा रकाना रिकामा आहे. मी त्यात आपल्या मनाने काय लिहू?"

"पण निकाल झाला. मी स्वतः तिथे उभी होते. शिवपुरीला."

"मग शिवपुरीला विचारा."

"विचारलं. त्यांनी लिहून दिलंय, लष्करला विचारा."

तिने फाइलमधून कागद काढून टेबलावर ठेवले. बडे बाबूंनी ते वाचले, नीट घडी करून परत दिले आणि म्हणाले की त्यांच्या हातात काही नाही. ते तसं खरंच होतं.

ती वळली तेव्हा मी तिला माझ्या टेबलाशी बोलावलं, स्टूल दिलं, पाणी दिलं. तिने मला सगळं सांगितलं. रडली नाही. बहुतेक बऱ्याच टेबलांपुढे सांगून झालं होतं.

दरबारच्या काळात, ती नुकती कामाला लागली होती तेव्हा, दवाखान्याने तिला एका बड्या घरी बाळंतपणाला पाठवलं. बाळंतीण अडली होती. दोन दिवस ही तिच्या उशापायथ्याशी होती. मूल झालं, दोघं सुखरूप राहिली. तिसऱ्या दिवशी त्या घरातला चंद्रहार सापडेना. घरच्या मालकाने हिच्यावर फिर्याद केली. हवालदार दवाखान्यात येऊन सगळ्यांसमोर तिला घेऊन गेला. अकरा दिवस कोठडीत. मग बैलगाडीत बसवून शिवपुरीला नेलं, दोन-तीन पेश्या, म्हणजे सुनावण्या, झाल्या, आणि एक दिवस न्यायाधीश म्हणाले, जा.

"जा म्हणजे?" मी विचारलं.

"जा म्हणजे जा. मी निघून आले. कागद मागायचा असतो हे मला कुठे ठाऊक होतं? मी वीस वर्षांची होते. मला वाटलं, साहेब बोलले म्हणजे झालं."

दवाखान्याने तिला परत घेतलं, कारण सुइणी कमीच होत्या. वर्षं गेली. मध्य भारत झाला तेव्हा सगळ्यांच्या नोकऱ्यांची तपासणी झाली, आणि तिच्या नावापुढे शेरा पडला, चोरीचा खटला दाखल, निकाल अज्ञात. तेव्हापासून ती अस्थायी. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली कायम झाल्या आणि तिच्या वर गेल्या. आता नव्या राज्यात सगळ्या भागांच्या नोकरांची एक यादी होत होती. महिनाअखेरपर्यंत शेरा निघाला नाही तर तिचं नाव यादीतच येणार नव्हतं.

"नोकरीचं मी बघून घेईन," ती उठता उठता म्हणाली. "बाळंतपणं घरोघर करता येतात. पण ज्या बायकांची मी केली, त्या म्हणतील, ती चोर होती म्हणून काढलं."

त्या संध्याकाळी मी बाड्यावरून, म्हणजे ऑफिस होतं त्या मोठ्या चौकातून, पाटणकर बाजारात घरी आले ती हेच डोक्यात घेऊन. बांगड्यांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. अप्पा खिडकीशी आरामखुर्चीत बसायचे आणि पायऱ्यांवरच्या पावलांवरून कोण आलं ते सांगायचे. मी चहा केला आणि त्यांना नर्सची हकीकत सांगितली. मला वाटलं होतं ते म्हणतील, वाईट झालं. ते सरळ होऊन बसले.

"कोणता महिना?"

"काय?"

"खटला चालला तो महिना कोणता? तिने काही सांगितलं?"

मी आठवून सांगितलं की ती म्हणाली, बैलगाडीत वर कांबळं धरलं होतं, ऊन फार होतं.

"मग तिथेच मेख आहे," अप्पा म्हणाले. "अगं, उन्हाळ्यात दरबार शिवपुरीला जायचा. बरोबर कचेऱ्या जायच्या. आमच्या दफ्तरातले निम्मे लोक दोन-तीन महिने तिकडे. तिथले खटले तिथे चालायचे, आणि पाऊस लागला की कागद लाकडी पेट्यांत भरून परत इथे. शिवपुरीचे लोक खोटं बोलत नाहीत. त्यांच्याकडे नाहीच ते."

"मग इथल्या रजिस्टरमध्ये निकाल का नाही?"

"परत आल्यावर चढवायचा असायचा. कधी चढायचा, कधी राहायचा. त्या वर्षी मी गेलो नव्हतो, तुझी आई आजारी होती. मी असतो तर चढवला असता." अप्पांनी कपातला चहा संपवला. "उन्हाळी बस्ते निराळे असायचे. आमचे पैरोकार दक्षिणी, म्हणजे आपल्यासारखे मराठी होते, पांढऱ्या कापडात बांधून घ्यायचे आणि चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने लिहायचे. मोडीत."

मी हातातली बशी खाली ठेवली. ते बस्ते मी कुठे टाकले होते हे मी त्यांना सांगितलं. अप्पा रागावले नाहीत. त्यांनी उजवा तळहात पुढे केला.

"चिठ्ठीवरची वळणं आठवतात? काढ इथे. बोटाने."

मला एकच आठवत होती, कारण ती बऱ्याच चिठ्ठ्यांवर होती. मी त्यांच्या तळहातावर ती काढली. पहिल्यांदा चुकली, त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा सावकाश काढली. त्यांनी बोटं मिटली आणि म्हणाले, "उन्हाळी."

त्या संध्याकाळपासून शिकवणी सुरू झाली. ते माझ्या तळहातावर अक्षर काढायचे, मी पाटीवर उतरवायची आणि नाव म्हणायची. मग उलट. अक्षरं पुष्कळशी नागरीच्या बहिणी वाटायची. दिक्कत होती ती शब्द सुटे न करण्याची आणि आखडतं लिहिण्याची. पैरोकार निम्मे शब्द पहिल्या अक्षरावरच सोडून द्यायचे.

मंगळवारी मी बडे बाबूंना विचारलं, ते चाळीस बस्ते मी उघडून पाहू का. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली.

"शनिवारपर्यंत यादी पुरी व्हायला हवी. नवे साहेब आलेत, त्यांना पहिल्याच महिन्यात काम अर्धवट दिसलं तर माझं काय राहील? डब्याच्या सुट्टीत काय पाहायचं ते पाहा."

मी डब्याच्या सुट्टीत पाहिलं. डबा खायची नाही, सकाळी एक तास आधी यायची. शिपायाने मला ढिगाच्या तळातून बस्ते काढून दिले, तेही काही न विचारता. चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत 'उन्हाळी' असलेले सात निघाले. आत खटल्यांचे कागद हिंदीत होते, म्हणजे पोलिसांचं चलान किंवा आरोपपत्र, साक्षी, पेशीच्या तारखा. प्रत्येक खटल्याच्या शेवटी पैरोकारांचं स्वतःचं टिपण, तेवढं मोडीत. तीन दिवस मी नावं पाहत गेले. गुरुवारी पाचव्या बस्त्यात तिचं नाव निघालं. वय वीस, धंदा दाईचा, आरोप चोरी. हवालदाराचं चलान, घरमालकाची फिर्याद, पेशीच्या दोन नोंदी. निकालाचा कागद नव्हता. टिपण होतं, दीड पान.

मी ते वाचायला बसले. निम्मं लागलं, निम्मं लागेना. मधोमधची एक ओळ मात्र स्वच्छ लागली. 'मु. चे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे.'

आमच्या ऑफिसात मुलजिम म्हणजे आरोपी. मु. म्हणजे मुलजिम, दुसरं काय. म्हणजे पैरोकारांनीच लिहिलं होतं की ती खोटं बोलते. मी कागद मिटून बसून राहिले. सरकारी कागद घरी न्यायचा नसतो, तो मी नेला नाही. ती ओळ आणि आजूबाजूच्या दोन ओळी मात्र पेन्सिलीने चिठोऱ्यावर उतरवून घेतल्या होत्या, वळण न् वळण.

अप्पांच्या तळहातावर मी ती ओळ काढली. त्यांनी पुन्हा काढायला लावली.

"मु. ला कानामात्रा काही नाही ना पुढे?"

"नाही. मु आणि टिंब."

"मग मुद्दई."

मुद्दई म्हणजे फिर्यादी. मी म्हटलं, "अप्पा, मला बरं वाटावं म्हणून तर म्हणत नाही ना?"

"अगं, मी त्यांच्यापुढे बारा वर्षं बसलो," अप्पा म्हणाले. "आरोपीला ते आ. लिहायचे. फक्त आ. एकदा नव्या कारकुनाने मु. चा मुलजिम केला, आणि कोर्टात उलटाच कागद गेला. तेव्हापासून त्यांनी नियमच केला होता. मु. म्हणजे मुद्दई, आ. म्हणजे आरोपी. उद्या पाहा, कुठेतरी आ. सापडेल."

शुक्रवारी मी ऑफिसात शिरले ती थेट त्या टिपणाकडे. आ. होता, दोन ठिकाणी. आणि आता बाकीचं भराभर लागत गेलं. पैरोकार स्वतः सराफाकडे गेले होते. चंद्रहार बाळंतपणाच्या चार दिवस आधीच गाठवायला, म्हणजे नव्याने ओवायला, दिलेला होता, सराफाच्या वहीत तशी नोंद होती, आणि तो देणारा त्याच घरातला जावई होता. घरात ते सगळ्यांना माहीत झालं होतं, पण फिर्याद मागे घेणं मालकाला कमीपणाचं वाटत होतं. पैरोकारांनी कोर्टात उभं राहून सांगितलं की सरकारला हा खटला चालवायचा नाही. शेवटी लिहिलं होतं, हुकूम झाला, मूळ प्रत हुकमांच्या बस्त्यात ठेवली.

मी टिपण घेऊन बडे बाबूंकडे गेले आणि हिंदीत सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"बहनजी, टिपण म्हणजे हुकूम नव्हे," ते म्हणाले. "आणि हे फक्त तुम्ही वाचता. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही मनाने वाचलं, तर?"

हे त्यांचं खरं होतं. मला हुकूमच हवा होता.

हुकमांचा बस्ता सातांमध्ये नव्हता. शुक्रवारी दिवसभर मी उरलेले तेहतीस बस्ते उलगडत होते. चिठ्ठ्या निरनिराळ्या होत्या. जमिनीच्या भांडणांतून उठलेले खटले, जुन्या दरोड्यांचे, तुरुंगातून आलेले अर्ज. संध्याकाळी सहा बस्ते राहिले आणि ऑफिस बंद झालं.

शनिवारी मी पोचले तेव्हा शिपाई मागच्या अंगणात बस्ते नेऊन टाकत होता. विहिरीजवळ ढीग झाला होता, रॉकेलचा डबा शेजारी. माझे सहाही बस्ते त्यात गेले होते. मी पदर खोचून सरळ ढिगावर चढले. ऑफिसातले चार-पाच जण दारात येऊन पाहू लागले. लग्नाच्या वयाची दक्षिणी मुलगी कागदांच्या ढिगावर, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मला काही वाटलं नाही. चौथ्या चिठ्ठीवर मी 'हुकूम' वाचलं, खाली 'उन्हाळी', आणि तिथेच ढिगावर बसून गाठ सोडली.

तो एकविसावा की बाविसावा कागद होता. जाड, कडेला तपकिरी पडलेला, खाली न्यायाधीशांची सही आणि दरबारची गोल मोहर. सबंध हिंदीत. मी तो घेऊन खाली उतरले आणि बडे बाबूंच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. एकदा वाचला. मग पुन्हा, ओठ हलवत. 'मुलजिमा को बाइज्ज़त बरी किया जाता है।' म्हणजे आरोपी बाईला निर्दोष ठरवून सन्मानाने सोडण्यात येत आहे. मग त्यांनी शिपायाला म्हटलं, "डबा आत ठेव. आणि हे सगळे बस्ते उचल. सगळे." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चला, साहेबांकडे."

नवे साहेब जबलपूरकडून आले होते. आमच्या गावाचं त्यांना काही माहीत नव्हतं, आणि ते हे मोकळेपणाने सांगायचे. त्यांनी हुकूम वाचला, रजिस्टर मागवलं, रिकामा रकाना पाहिला. मग टिपण पुढे ओढलं.

"हे आपण वाचता?"

"जी."

"सोमवारी त्या बाईंना बोलवा. सगळ्यांसमोर वाचून दाखवा."

सोमवारी ती आली. साहेबांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली. सगळं ऑफिस भिंतीशी उभं होतं. मी दीड पान आधी मराठीत जसंच्या तसं वाचलं आणि मग ओळीओळीने हिंदीत सांगितलं. सराफाच्या वहीपर्यंत आले तेव्हा माझा आवाज चांगला लागला. शेवटची ओळ मी आदल्या संध्याकाळी पाठच केली होती. 'आ. दोन रात्री बाळंतिणीपाशी न झोपता बसली होती. अशा बाईस चोर म्हणणे सरकारास शोभत नाही.'

ती बाई माझ्याकडे बघत होती. हिंदीत सांगून झालं तेव्हा म्हणाली, "हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं?"

"तेव्हाच."

"मला वाटायचं, त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं."

साहेबांनी तिथेच रिकाम्या रकान्यात निकाल भरला, तारीख घातली, सही केली आणि बडे बाबूंना मोहर मारायला सांगितली. नकला तयार झाल्या. एक दवाखान्याला, एक भोपाळला, एक तिच्या हातात. मग तिने विचारलं की त्या मोडी टिपणाचीही नकल मिळेल का. तिला ते वाचता येणार नव्हतं, पण हवं होतं. मी माझ्या कच्च्या मोडीत ते उतरवून दिलं आणि खाली नागरीत लिहिलं. साहेबांनी त्यावरही सही केली.

महिनाअखेरच्या आत तिचं नाव यादीत आलं, पहिल्या दिवसापासूनची नोकरी धरून. ज्या तिच्या वर गेल्या होत्या त्या सगळ्यांच्या वर. पुढच्या वर्षी ती दवाखान्याची मुख्य परिचारिका झाली. मी एकदा तिला भेटायला गेले होते. ती वॉर्डातून फेरी घेत होती, मागे सहा मुली वह्या घेऊन. मला पाहून तिने फेरी थांबवली आणि मुलींना म्हणाली, "यांना नमस्कार करा." त्या मुली माझ्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी लहान होत्या. मी लाजले, पण नमस्कार घेतला.

ही गोष्ट गावात पसरली. पसरवली बहुतेक बडे बाबूंनीच, दाल बाजारात त्यांची रोज संध्याकाळची बैठक होती. मग लोक यायला लागले. एक तांगेवाला आला, त्याच्या मयत भावावर अजून वॉरंट लोंबकळत होतं. एक शाळामास्तर आले. भिंडकडून एक म्हातारी आली, तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की तिच्या नवऱ्याने कोर्टात खरं काय सांगितलं होतं. सगळ्यांचं चांगलं निघालं नाही. मास्तरांना शिक्षा झालेली होती, तीही कागदात होती, आणि ती मी त्यांना वाचून दाखवली. पण जे होतं ते होतं, आणि वाचणारं कुणी होतं.

साहेबांनी भोपाळला लिहिलं की मोडी बस्ते नष्ट करता येणार नाहीत, आधी त्यांची सूची व्हायला हवी. परवानगी आली. ते काम माझ्या नावावर चढलं, आणि माझं टेबल दाराशी होतं ते खोलीच्या आत, मोठ्या खिडकीखाली गेलं. या वेळी मला विचारून. दोन वर्षांनी चाळीसही बस्ते यादीसह भोपाळच्या ट्रकमध्ये चढले तेव्हा प्रत्येकावर मोडी चिठ्ठीशेजारी माझ्या हातची नागरी चिठ्ठी होती.

त्याच्या बरंच आधी, एका दुपारी बडे बाबू माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. कानावरची पेन्सिल काढली आणि पुढे केली.

"बहनजी, यातला क कसा काढतात?"

त्यांना रिटायर व्हायला चार वर्षं उरली होती. रोज डब्याच्या सुट्टीत अर्धा तास शिकायचे. उच्चार त्यांचे शेवटपर्यंत हिंदीच राहिले, 'ळ' त्यांना आयुष्यात आला नाही, पण सूचीतल्या शेवटच्या आठ बस्त्यांची वाचणी त्यांनी केली. माझ्या तीन चुका काढल्या आणि त्या तीनही खऱ्या होत्या.

आणि अप्पा. साहेबांना जेव्हा कळलं की मु. आणि आ. चा उलगडा कुणी केला, तेव्हा त्यांनी तांगा पाठवून अप्पांना ऑफिसात बोलावलं. कित्येक वर्षांनी अप्पा ऑफिसच्या त्या तीन पायऱ्या चढले. चढताना त्यांनी हात लावून दाराची चौकट पाहिली. साहेबांनी त्यांना रेकॉर्डच्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, आणि एक बस्ता त्यांच्या मांडीवर ठेवला. अप्पांनी चिठ्ठीवरून बोट फिरवलं. शाई बोटाला लागत नसते, त्यांना काही वाचता आलं नसणार, पण ते म्हणाले, "हो, हाच हात." बडे बाबू त्यांच्या पायांना हात लावून उभे राहिले.

परत जाताना तांगा नको म्हणाले. "आज पायी जाऊ." मी त्यांचा कोपर धरला. बाड्यावरून पाटणकर बाजार म्हणजे दहा मिनिटांची वाट. अप्पा प्रत्येक ओळखीच्या दुकानापुढे थांबले. कापडवाल्यापुढे थांबले, अत्तरवाल्यापुढे थांबले, चष्म्याच्या दुकानापुढेही थांबले आणि तिथे स्वतःच हसले. प्रत्येकाला तेच सांगत होते, हिंदीला हिंदी, मराठीला मराठी, की आज दफ्तरात गेलो होतो, साहेबांनी बोलावलं होतं, आणि ही माझी मुलगी, हिला मोडी येते. प्रत्येक जण विचारायचा की मोडीत आता काय ठेवलंय, आणि अप्पा त्याला नर्सची गोष्ट पहिल्यापासून सांगायचे. मध्ये एकाने चहा मागवला. घराच्या पायऱ्या चढलो तेव्हा आम्हाला निघून दोन तास झाले होते, आणि बांगड्यांच्या दुकानदाराला ती गोष्ट अजून सांगायची राहिली होती, म्हणून आम्ही परत खाली उतरलो.